हातात ताकद आहे, तरी हात हलेना: मेंदूचं हे कोडं दोनशे वर्षांपूर्वी पकडणारे गोव्याचे आबे फारिया

कॉलेजच्या गॅदरिंगला संमोहनाचा प्रयोग ज्यांनी बघितलाय, त्यांना हे दृश्य पाठ असेल. स्टेजवर पाच-सहा पोरं खुर्चीत बसवलेली असतात. प्रयोग करणारा सांगतो की तुमचा उजवा हात टेबलाला चिकटलाय, आता तो उचलता येणार नाही. त्यातल्या एक-दोघांचा हात खरंच उचलत नाही. समोर मित्र हसतायत, पोरगा लालबुंद होऊन जोर लावतोय, पण हात ढिम्म. शो संपला की बाहेर चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. एक म्हणतो पोरगा मॅनेज केलेला होता. दुसरा म्हणतो त्या माणसाकडं काहीतरी शक्ती आहे.

दोन्ही तट चुकतात. आणि हे चुकतात हे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये भर सभेत सांगणारा माणूस आपल्या शेजारच्या गोव्यातला होता. जुझे कुस्तोदियो द फारिया. जगात ओळख आबे फारिया. आबे म्हणजे फ्रेंचमध्ये पाद्री.

अलेक्झांडर द्यूमाच्या काउंट ऑफ माँटे क्रिस्टो या कादंबरीत तुरुंगात भुयार खणणारा, नायकाला सगळ्या विद्या शिकवणारा एक म्हातारा पाद्री आहे. त्याचं नाव आबे फारियाच. द्यूमानं त्याला इटालियन करून टाकलं, पण नाव उचललं ते या गोंयकाराचं. खऱ्या फारियांचं आयुष्य कादंबरीपेक्षा कमी नव्हतं.

जन्म १७५६ च्या मे महिन्यातला, बार्देशातल्या कांदोळी गावचा. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे, आई रोझा मारिया द सौझा. घराण्याचं मूळ सारस्वत ब्राह्मणांचं, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं. आईवडिलांचं पटेना. पोरगा लहान असतानाच दोघांनी चर्चची रीतसर परवानगी घेऊन संसार मोडला. वडील लग्नाआधी पाद्री व्हायला शिकत होते, ते अर्धवट शिक्षण त्यांनी पूर्ण केलं आणि ते पाद्री झाले. आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली आणि पुढं त्या मठाची प्रमुखही. म्हणजे आई मठात, वडील चर्चमध्ये आणि मधे हा एकुलता एक जुझे.

वडील महत्त्वाकांक्षी होते. १७७१ च्या फेब्रुवारीत चौदा वर्षांच्या पोराला घेऊन ते गोव्याहून जहाजात बसले आणि नोव्हेंबरात लिस्बनला उतरले. नऊ महिने समुद्रावर. पोर्तुगालच्या दरबारात वजन वापरून त्यांनी मुलाला रोमला शिकायला पाठवलं. १७८० मध्ये जुझेनं तिथं डॉक्टरेट मिळवली, तोवर तो पाद्रीही झाला होता.

इथली एक गोष्ट गोव्यात आजही सांगतात. लिस्बनला राणीच्या चॅपलमध्ये या तरुण पाद्र्याला प्रवचनाला उभं केलं. समोर राणी, सरदार, सगळा जरीचा गोतावळा. पोराची दातखीळ बसली. शब्द फुटेना. तेव्हा व्यासपीठाजवळ बसलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत सांगितलं की ही समोरची सगळी निव्वळ भाजी आहे, काप ती. दरबारात कोंकणी कोणाला कळणार! पोराची जीभ सुटली आणि प्रवचन फक्कड झालं. गोष्ट सांगोवांगीची आहे, तरी ती टिकून राहिली याला कारण आहे. अडकलेली जीभ, तिला काही झालेलं नाही, आणि कानात पडलेल्या एका वाक्यानं ती मोकळी होते. फारियांनी पुढं आयुष्यभर ज्यावर डोकं लावलं ते नेमकं हेच.

लिस्बनमध्ये फार काळ राहता आलं नाही. गोव्यात तेव्हा देशी पाद्र्यांना मोठी पदं मिळत नव्हती, गोऱ्यांना मिळत. त्या रागातून १७८७ मध्ये पोर्तुगीज सत्ता उलथवायचा कट शिजला. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून त्याला पिंटोंचा उठाव म्हणतात. कट फुटला, अनेकांना फाशी झाली, पाद्र्यांना बेड्या घालून लिस्बनला नेलं. कायतान व्हितोरिनोंकडं गोव्याच्या पाद्र्यांचा राबता असायचा, त्यामुळं बापलेक दोघंही संशयात आले. १७८८ मध्ये जुझेनं पॅरिस गाठलं.

आणि वर्षभरात तिथं राज्यक्रांती झाली. काय नशीब म्हणावं! या धामधुमीत १७९५ मध्ये फारिया पॅरिसच्या रस्त्यावर एका तुकडीचं नेतृत्व करत सरकारविरुद्ध उतरले होते अशी नोंद आहे. ते बंड नेपोलियननं तोफा लावून मोडलं. फारिया त्यातून वाचले.

पण त्यांची खरी लढाई वेगळीच होती. ती समजायला पॅरिसमधलं तेव्हाचं फॅड माहीत हवं.

व्हिएन्नाचा डॉक्टर फ्रांझ मेस्मर १७७८ मध्ये पॅरिसला आला होता. त्याचं म्हणणं, सगळ्या विश्वात एक अदृश्य द्रव भरलेला आहे, शरीरात त्याचा प्रवाह अडला की आजार होतो, आणि आपल्या हातातून तो द्रव रोग्यात सोडता येतो. लोक त्याच्या खोलीत झटके येऊन पडायचे, रडायचे, हसायचे आणि बरं वाटतंय म्हणून घरी जायचे. प्रकरण इतकं वाढलं की १७८४ मध्ये राजा सोळाव्या लुईनं चौकशी समिती नेमली. सदस्य कोण, तर बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, आणि ज्याचं नाव पुढं शिरच्छेदाच्या यंत्राला चिकटलं तो डॉक्टर गियोतँ.

समितीनं केलेली परीक्षा फार झकास होती. फ्रँकलिनच्या बागेतल्या एकाच झाडात हा द्रव भरून घेतला. मग एका बारा वर्षांच्या पोराला डोळे बांधून झाडांकडं नेलं. पोरगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडापाशी. निष्कर्ष आला की द्रव वगैरे काही नाही, ही सगळी कल्पनेची करणी. आणि समितीनं फाइल बंद केली. कल्पनेनं एवढा धडधाकट पोरगा आडवा कसा होतो, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याच वर्षी मार्की द प्युसेग्युर नावाच्या सरदाराला आढळलं की झटके न आणताही माणूस एका विचित्र झोपेत नेता येतो, ज्यात तो बोलतो, चालतो, ऐकतो. फारिया या प्युसेग्युरच्या ओळखीतले झाले आणि त्याच्याकडूनच त्यांना ही विद्या कळली. सुरुवातीला त्यांनीही मोठमोठ्या बढाया मारल्या असाव्यात. लेखक शातोब्रियाँनं आठवणींत एका मेजवानीचा किस्सा लिहिलाय, त्यात फारिया एका पिवळ्या कॅनरी पक्ष्याला नुसत्या शक्तीनं मारून दाखवायला निघाले आणि पक्षी मजेत राहिला, हैराण झाले ते पाद्रीबुवाच.

मधल्या काळात १८११ च्या सुमारास ते मार्सेला तत्त्वज्ञान शिकवत होते, मग नीममध्ये. तिथं मन रमलं नाही. १८१३ मध्ये पॅरिसला परत आले आणि ऑगस्टमध्ये क्लिशी रस्त्यावरच्या एका घरात जाहीर प्रयोग सुरू केले, तिकीट लावून. उंच, सावळे, ठसठशीत चेहऱ्याचे, परक्या धाटणीची फ्रेंच बोलणारे हे पाद्री बघायला पॅरिसची खानदानी मंडळी गर्दी करू लागली.

त्यांची पद्धत अगदी साधी होती. ना लोखंडी दांडे, ना पाण्याची पिंपं, ना अंगावरून हात फिरवणं. माणसाला आरामखुर्चीत बसवायचं. डोळे मिट आणि फक्त झोपेचा विचार कर म्हणायचं. तो शांत झाला की मोठ्या, ठाम आवाजात झोपायचा हुकूम द्यायचा. नाही जमलं तर पुन्हा, तीनदा. तरीही नाही तर लांबून उघडा तळहात दाखवून तो हळूहळू डोळ्यांजवळ आणायचा. एवढं करूनही नाही झालं तर नमस्कार, तुमच्यावर हे चालत नाही, घरी जा.

झोपलेल्याला मग ते सांगत की तुझा हात आता हलणार नाही. हात हलत नसे. हलेल म्हटलं की हलत असे. नुसत्या पाण्याची चव बदलत असे. काही जणांना जागेपणीही अशा सूचना लागू पडत, आणि काहींना झोपेत सांगितलेली गोष्ट जाग आल्यावर घडत असे.

हे तमाशेवाले त्यांच्या आधीही करत होते. फारियांचं वेगळेपण त्यांनी याचा अर्थ काय लावला त्यात आहे. ते म्हणायचे, माझ्या हातातून काहीही बाहेर पडत नाही. माझ्याकडं कसलीही शक्ती नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्या आत घडतं, त्याच्या एकाग्रतेनं, त्याच्या विश्वासानं. मी फक्त वाट दाखवतो. आणि दुसरी बाजूही ते तितक्याच जोरात मांडत: हे नाटक नाही. हात खरोखर हलत नाही.

आता याची अडचण लक्षात घ्या. मेस्मरचे भक्त चिडले, कारण यांनी द्रवच काढून टाकला. डॉक्टर हसले, कारण द्रव नसेल तर उरलं काय, ढोंगच ना. चर्चला तर या सगळ्यात सैतान दिसत होता. एका माणसानं एकाच वेळी तिन्ही पार्ट्या अंगावर घ्यायच्या म्हणजे कठीणच.

शेवट घात केला नाटकवाल्यांनी. एक नट प्रयोगाला येऊन झोपल्याचं सोंग करून बसला आणि ऐन वेळी डोळे उघडून त्यानं फारियांना तोंडघशी पाडलं, असं सांगतात. १८१६ मध्ये तर व्हेरायटे थिएटरात या चुंबकाच्या वेडावर एक प्रहसनच लागलं. त्यात पाद्री होता, पोतिए हा त्या काळचा लाडका विनोदी नट ते काम करत होता, आणि सगळ्या पॅरिसला कळत होतं की नक्कल कोणाची चाललीय. आजच्या भाषेत फारियांवर मीम झालं. प्रयोग बंद पडले.

उरलेली वर्षं त्यांनी मुलींच्या एका शाळेत धर्मगुरूचं काम करत गरिबीत काढली आणि पुस्तक लिहिलं. सजग झोपेच्या कारणांबद्दलचं हे पुस्तक १८१९ मध्ये छापून आलं, प्युसेग्युरला अर्पण केलेलं. चार खंड लिहायचे होते, पहिलाच झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मेंदूचा झटका येऊन ते गेले. माँमार्त्रच्या स्मशानभूमीत पुरलं, थडग्यावर नावही लागलं नाही.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. कोणाला ही झोप लागते आणि कोणाला नाही याचं कारण ते रक्ताच्या पातळपणात शोधत होते, जे साफ चूक आहे. झोपलेल्याला दूरचं कळतं, स्वतःचा आजार ओळखता येतो, यावरही त्यांचा भरवसा होता. त्या काळचा पाद्रीच तो. तो काही मेंदूचा शास्त्रज्ञ नव्हता, तशी पदवीच तेव्हा नव्हती.

पण मूळ मुद्दा जिवंत राहिला. १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या स्कॉटिश सर्जननं या प्रकाराला हिप्नॉटिझम हे नाव रूढ केलं. आपल्याकडं हुगळीला जेम्स एस्डेल हा डॉक्टर १८४५ पासून रुग्णांना अशा झोपेत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया करत होता, भुलीचं औषध यायच्या आधी. मग वाद पेटला तो फ्रान्समध्येच. पॅरिसला झाँ मार्तँ शार्को होता, आधुनिक न्यूरॉलॉजीचा बाप. कंपवाताला पार्किन्सनचं नाव दिलं ते यानंच. शार्कोचं मत, संमोहन ही हिस्टेरियाच्या रोग्यांचीच अवस्था, म्हणजे स्वतःच एक आजार. नान्सी गावच्या हिप्पोलीत बर्नहाइमनं उलट सांगितलं की हा सूचनेचा परिणाम आहे आणि धडधाकट माणसांतही होतो. निकाल नान्सीच्या बाजूनं लागला, आणि या विचाराचा पहिला मान फारियांचा आहे हे बर्नहाइमनं मोकळेपणानं कबूल केलं.

आणि आता मेंदूचे फोटो काढता येतात. १९९७ मध्ये माँट्रियलला संशोधकांनी लोकांचे हात गरम पाण्यात बुडवले आणि संमोहनात सूचना दिली की हे दुखणं तितकंसं त्रासदायक नाही. स्कॅनमध्ये दिसलं की गरम लागतंय ही बातमी नोंदवणारा भाग जवळपास तसाच काम करतोय, पण त्या दुखण्याचा त्रास करून घेणारा पुढचा भाग बदललाय. २००९ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी तर थेट फारियांचाच प्रयोग केला. संमोहनात डावा हात लुळा झाल्याची सूचना दिली आणि हलवायला सांगितलं. मेंदूचा हालचालीची तयारी करणारा भाग नेहमीसारखा कामाला लागला, म्हणजे माणूस प्रयत्न सोडून बसला नव्हता. पण हात हलवणाऱ्या भागाचं संधान स्वतःबद्दलच्या प्रतिमा सांभाळणाऱ्या भागाशी वाढलं होतं. जे मुद्दाम नाटक करत होते त्यांच्या मेंदूत हे चित्र वेगळं दिसलं.

पार्किन्सनचं तर आणखीच. या आजारात डोपामिन हे रसायन कमी पडतं आणि हालचाल गोठते. २००१ मध्ये व्हँकूवरला आढळलं की औषध समजून नुसतं बिनऔषधी इंजेक्शन दिलं तरी या रुग्णांच्या मेंदूत खरंखुरं डोपामिन सुटतं. आजार यानं बरा होत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. पण विश्वास हा मेंदूत रसायनाच्या रूपानं मोजता येतो, एवढं पक्कं झालं.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात या. इथं म्हसा गावात पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, आणि नवस फेडायला पाठीत लोखंडी गळ टोचून घ्यायची जुनी प्रथा तिथं आहे. टोचून घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर बघणाऱ्याला वाटतं तेवढी वेदना दिसत नाही. याच तालुक्यातल्या धसईसारख्या बाजारपेठेच्या गावाभोवतीच्या वाड्या-पाड्यांवर, शहापूरकडच्या डोंगरातही, एखाद्या सुनेचे पाय अचानक लुळे पडले, वाचा गेली, अंग थरथरायला लागलं, की घरच्यांसमोर दोनच तर्क असतात. बाहेरचं काहीतरी आहे, भगताकडं न्या. किंवा नाटकं करतेय, दोन ठेवून द्या. टपरीवरचे तेच दोन तट.

न्यूरॉलॉजिस्ट याला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. मेंदूच्या रचनेत बिघाड सापडत नाही, चालण्यात असतो. मोबाइल फुटलेला नसताना सॉफ्टवेअर अडकावं तसं. हे ओळखायची एक सोपी खूण अमेरिकन डॉक्टर चार्ल्स हूव्हरनं १९०८ मध्ये सांगितली. रुग्णाला झोपवून लुळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगितलं तर जमत नाही. पण चांगला पाय जोर लावून वर उचलायला सांगितला की तीच लुळी टाच आपोआप खाली दाबली जाते. म्हणजे ताकद आहे, रस्ता आहे, फक्त मुद्दाम हलवायला गेलं की दार बंद. बरेच डॉक्टर आता ही खूण रुग्णालाच दाखवतात, कारण आपला पाय मेलेला नाही हे डोळ्यांनी बघणं हाच उपचाराचा पहिला टप्पा असतो. पुढं फिजिओथेरपी आणि समुपदेशन. अर्थात अचानक आलेलं लुळेपण म्हणजे अर्धांगवायूही असू शकतो आणि झटका म्हणजे खरी मिरगी, त्यामुळं आधी दवाखाना, तोही तासाभरात. हा फरक घरबसल्या कोणालाच करता येत नाही, भगताला तर नाहीच.

फारियांना विस्मृतीतून बाहेर काढलं ते दोन डॉक्टरांनी. १९०६ मध्ये गोव्याच्याच डॉक्टर दालगादोंनी त्यांचं चरित्र फ्रेंचमध्ये लिहिलं. १९२५ मध्ये पोर्तुगालच्या एगाश मोनिशनं त्यांच्यावर पुस्तक काढलं. हा मोनिश म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे एक्सरे पहिल्यांदा काढणारा न्यूरॉलॉजिस्ट. दहा वर्षांनी त्यानंच मनोरुग्णांच्या मेंदूचे पुढचे धागे कापायची शस्त्रक्रिया सुरू केली, त्यासाठी १९४९ मध्ये नोबेल घेतलं, आणि आज त्या शस्त्रक्रियेचं नाव काढलं तरी डॉक्टर नजर चुकवतात. नुसत्या शब्दानं मेंदूत काय होतं हे सांगणाऱ्याचं चरित्र लिहिणारा माणूस सुरी घेऊन निघाला, असाही योग.

१९४५ मध्ये पणजीत मांडवीकाठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याशेजारी फारियांचा पुतळा बसला. शिल्पकार गोव्याचेच, रामचंद्र पांडुरंग कामत. झगा घातलेले फारिया उभे आहेत, दोन्ही हात पुढं ताणलेले, बोटं फाकलेली, आणि समोर एक बाई मागं कलून पडतेय. पुतळा जोरदार आहे, फोटो तर हमखास छान येतो. फक्त त्यात बघणाऱ्याला वाटतं की फारियांच्या बोटांतून काहीतरी निघून त्या बाईत शिरतंय.